पंखा कुठे मिळेल?

रिमोटवर चालणाऱ्या वेगवान बोटीच्या खोक्यावर बरेच काही छापलेले असते. ताशी ३० किलोमीटर वेग, २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ, पाणी आत शिरणार नाही अशी हमी, उलटली तर आपोआप सुलटी होण्याची सोय. मागचा पंखा खडकावर आपटून मोडला तर दुसरा कुठे मिळेल, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. मुंबई-पुण्यापासून लांब, समुद्राकाठच्या गावात अशी बोट किती दिवस चालेल हे छापलेल्या आकड्यांपेक्षा या न लिहिलेल्या गोष्टीवर जास्त ठरते. म्हणून रत्नागिरीत अशी बोट घेणाऱ्याने, किंवा माळ्यावर पडलेली बोट पुन्हा पाण्यात उतरवू पाहणाऱ्याने, पहिला पैसा वेग वाढवण्यात घालू नये. आधी तिचा एकेक भाग बाजारात कुठेही मिळणाऱ्या मापावर आणून ठेवावा. सल्ला रुक्ष आहे, हे मान्य. हौशी माणसाला धावणारी बोट हवी असते. स्क्रूची मापे जुळवत बसायला कोणी हा छंद धरत नाही. पण वेगाची वाटही याच मापांतून जाते, आणि ते पटायला बोटीचे झाकण उघडावे लागते.

रेडिओवर चालणारी बोट निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदात चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळवले. आजच्या बोटीचा सांगाडा त्याहून फार निराळा नाही. हातात रिमोट, बोटीत त्याचे ऐकणारा रिसीव्हर, सुकाणू वळवणारी छोटी सर्व्हो मोटार, आणि मुख्य मोटारीला किती वीज सोडायची हे ठरवणारे सर्किट, ज्याला सगळे ईएससी म्हणतात. मोटारीच्या टोकाला कपलर, कपलरमधून निघालेला शाफ्ट, शाफ्टभोवती ग्रीस भरलेली नळी आणि शेवटी पंखा. बोट पूर्ण वेगात आली की तिचा बहुतेक तळ पाण्यावर उचलला जातो आणि शर्यतीच्या बोटीत तर पंखाही निम्मा बाहेर, निम्मा आत असा फिरतो. मोटार तापू नये म्हणून मागे पाण्याकडे तोंड केलेली एक बारीक नळी असते. बोटीच्या वेगानेच पाणी तीत घुसते, मोटारीभोवतीच्या वेटोळ्यातून फिरते आणि कडेच्या भोकातून पिचकारीसारखे बाहेर पडते. ती पिचकारी दिसायची थांबली की बोट काठाला घ्यायची, हा या छंदातला पहिला नियम. रत्नागिरीच्या भाट्ये किंवा मांडवी किनाऱ्याच्या रेतीत ही नळी तुंबायला वेळ लागत नाही.

आता यातले काय मिळते आणि काय मिळत नाही ते पाहू. बाजारातल्या स्वस्त बोटींत रिसीव्हर आणि ईएससी एकाच छोट्या पट्टीवर असतात. सर्व्होलाही कित्येकदा नेहमीच्या तीन तारांऐवजी पाच तारा असतात, म्हणजे तिचे निम्मे काम मुख्य पट्टीच करत असते. कारखान्याला हे स्वस्त पडते. पण पट्टीत पाण्याचा थेंब शिरला की रिसीव्हर गेला, ईएससी गेला, सर्व्हो निकामी आणि हातातला रिमोटही निरुपयोगी. कारण तो रिमोट दुसऱ्या कुठल्या रिसीव्हरशी जोडीच जमवत नाही. नेमकी तीच पट्टी परत मिळाली तरच बोट जगते. फेईलुन कंपनीची एफटी००९ ही ४६ सेंटिमीटरची बोट भारतातही बऱ्यापैकी विकली गेली. साधी ब्रश असलेली ५४० आकाराची मोटार, ७.४ व्होल्टची बॅटरी, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ताशी ३० किलोमीटर. तिचीच ब्रशविरहित मोटारीची बहीण एफटी०१२, जिचा दावा ४५ किलोमीटरचा. दोघींचे सुटे भाग चीनमधून क्रमांकानुसार मिळतात. आपल्याकडे मात्र ज्या दुकानदाराने बोट विकली त्याच्याकडे बोटीच असतात, भाग नसतात. दुसऱ्या टोकाला अमेरिकेची ट्रॅक्सस. तिच्या स्पार्टन बोटीचा प्रत्येक स्क्रू क्रमांकासह यादीत आहे, भाग सुटे करून दाखवणारी आकृती कोणालाही पाहता येते, आणि हीच तिच्या मोठ्या किमतीची खरी भरपाई. पण तो क्रमांक रत्नागिरीत पोचेपर्यंत त्यावर वाहतूक आणि जकात एवढी चढते की भागाची मूळ किंमत विसरायला होते.

या दोन टोकांच्या मधली वाट रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदराने कधीच शोधली आहे. मासेमारीच्या यांत्रिक नौकांवर दिसणारी बरीच इंजिने ही ट्रकच्या इंजिनांची सागरी रूपे आहेत; अशोक लेलँडची इंजिने पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे आढळतात. खास जहाजासाठीच घडवलेले परदेशी इंजिन कदाचित हलके असेल, डिझेलही कमी पीत असेल. तरीही मालक ट्रकच्या घराण्यातले इंजिन घेतो, कारण त्याचा पिस्टन, गॅसकेट, नोझल महामार्गावरच्या कुठल्याही मोठ्या गावात मिळते आणि ते उघडू जाणणारा मेकॅनिक दर बंदरावर असतो. हंगामात नौका चार दिवस धक्क्याला बांधून राहिली तर तांडेलापासून खलाशापर्यंत सगळ्यांचा हिशेब बिघडतो. यंत्र चांगले की वाईट हे ठरवण्याची ही कसोटी, की ते कुठे दुरुस्त होते, कुणा अभियंत्याने शिकवलेली नाही. खेळण्यातल्या बोटीला ती लावताना प्रमाण बदलते, तर्क तोच राहतो.

खेळण्यातल्या बोटीसाठी ट्रकच्या जागी काय? रिमोटवरच्या मोटारगाड्या, ड्रोन आणि विद्यार्थ्यांचे रोबो. बोटीची म्हणून बनलेली वस्तू भारतात दुर्मीळ आहे, पण या तीन गोष्टींसाठी लागणारे मोटार, ईएससी, सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी, कनेक्टर आज मुबलक आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार तर जुनाच. पण पुण्याच्या मॅकफॉस कंपनीचे रोबू हे ऑनलाइन दुकान अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, आणि ही कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात उतरण्याइतकी वाढली. सरकारचे धोरणही नकळत याच दिशेला गेले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची जकात २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. परदेशातून पाच हजारांपर्यंतची वस्तू भेट म्हणून जकातीशिवाय मागवण्याची पळवाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली. चीनमधून थेट पंखा नि पट्टी मागवणाऱ्या हौशी मंडळींच्या पायाखालची फळी या दोनएक वर्षांत काढली गेली. उलट फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घालताना त्यांच्या भागांना मोकळीक ठेवली गेली. म्हणजे आख्खी बोट, आणि तिचा खास भाग, महाग व दुर्मीळ. सर्वसाधारण मोटार आणि ईएससी सोपे. अपग्रेड करायचे तर कोणत्या बाजूने जावे, हे यातून स्पष्ट दिसते.

प्रत्यक्षात पहिली पायरी म्हणजे ती एकत्रित पट्टी काढून टाकणे. तिच्या जागी वेगळा रिसीव्हर, वेगळा ईएससी आणि तीन तारांची साधी सर्व्हो बसवायची. फ्लायस्कायसारख्या कंपनीचा रिमोट घेतला तर त्याचा रिसीव्हर तेवढा पुन्हा विकत मिळतो आणि एकाच रिमोटवर पुढच्या दोन बोटी व एक गाडी चालते. हे केल्याने बोट एक किलोमीटरनेही वेगवान होत नाही, आणि म्हणूनच कोणी ते आधी करत नाही. दुसरी पायरी मोटारीची. ५४० मोटार पुढच्या दोन स्क्रूंवर बसते आणि त्या भोकांतले अंतर २५ मिलिमीटर असते. गाड्यांसाठी मिळणाऱ्या ३६ मिलिमीटर जाडीच्या ब्रशविरहित मोटारींचेही अंतर तेवढेच, त्यामुळे बैठक न बदलता मोटार बदलता येते. मोटारीवरचे ३६५० किंवा ३६६० हे आकडे म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ५० किंवा ६० मिलिमीटर लांबी. एवढे वाचता आले तरी दुकानदाराची निम्मी फसवणूक टळते. ड्रोनची मोटार मात्र सरसकट घेऊ नये. तिचे बाहेरचे कवचच फिरते, त्यामुळे त्यावर पाण्याचे वेटोळे चढवता येत नाही. गाडीच्या ईएससीत मागे जाण्याची सोय असते, तीही मोहात पाडते. पण बोटीचा शाफ्ट लवचिक तारेचा असेल तर ती तार एकाच दिशेने पिळलेली असते आणि उलट फिरवली की उसवते. ती सोय ईएससीच्या मांडणीत बंद करून टाकावी. तिसरी पायरी शाफ्टची. स्वस्त बोटींच्या पंख्यांची भोके वेगवेगळ्या मापांची असतात. ४ मिलिमीटर, अष्टमांश इंच म्हणजे ३.१८ आणि तीन-सोळांश इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर ही तीन मापे मात्र जगभर चालतात. बोट यांपैकी एकावर आणली की पंखा कुठल्याही कंपनीचा चालतो. बेअरिंगचे तर याहून सोपे आहे, कारण त्याचा क्रमांक सगळीकडे एकच: ६२४ म्हटले की आत ४, बाहेर १३, जाडी ५ मिलिमीटर, मग ते बोटीत असो की यंत्रमागात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. वेगासाठीच बोट घेतली, तर ११.१ व्होल्टची बॅटरी आणि मोठा पंखा लावून मोकळे का होऊ नये? भाग अगदी तेवढ्यालाच मिळतात. मिळतात, पण पाण्याचे गणित त्याच्या आड येते. पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७.४ वरून ११.१ व्होल्टवर गेले की फेऱ्या दीडपट होतात आणि लागणारी शक्ती दीडच्या घनाइतकी, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. व्होल्ट दीडपट झाले असल्याने विजेचा प्रवाह सुमारे सव्वादोन पट होतो. जी मोटार २० अँपिअरवर जेमतेम थंड राहत होती तिच्यातून आता ४५ वाहतात. पंख्याचा व्यास वाढवणे याहून फसवे, कारण तिथे पाचवा घात लागतो: दहा टक्के मोठा पंखा म्हणजे साठ टक्के जास्त ओझे. आणि हातात वेग किती पडतो? मोटारीवर २००० केव्ही लिहिले असेल तर दर व्होल्टला २००० फेऱ्या, ११.१ व्होल्टला मिनिटाला २२,२०० झाल्या. ओझ्याखाली त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याची घट धरा. पंखा एका फेरीत ५२ मिलिमीटर पुढे जाणारा असेल तर ताशी पंचावन्न किलोमीटर होतात, आणि पाण्यात पंखा घसरतो ते वजा जाता पंचेचाळीसच्या आसपास. एवढा हिशेब कागदावर मांडला की खोक्यावरचे आकडे कुठून आले आणि त्यांत किती हवा आहे, दोन्ही कळते. जाता जाता, काही विक्रेते प्रमाणातला वेग म्हणून मोठा आकडा सांगतात. लांबी दहापट कमी केली की वेग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ने कमी होतो, हा विल्यम फ्रूडचा नियम जहाजांच्या प्रतिकृतींची चाचणी घेताना खरोखर वापरतात. पण दहापट छोटी बोट ३० किलोमीटरने गेली म्हणून ती ९५ने धावली असे म्हणणे हा निव्वळ जाहिरातीचा खेळ आहे.

वेग वाढवू नये असा याचा अर्थ होत नाही. मुद्दा एवढाच, की वाढलेले ओझे सगळ्यांत कच्च्या भागावर येते आणि तो भाग तोडते. स्वस्त बोटीत तो कच्चा भाग नेमका न मिळणारा असतो. कपलर निसटणे, पट्टी जळणे, शाफ्ट वाकणे, प्लॅस्टिकच्या पंख्याची पाती उलटी वळणे हा क्रम जवळपास ठरलेला आहे. हेच भाग सर्वसाधारण मापाचे असतील तर ११.१ व्होल्टचा प्रयोग फसला तरी आठवडाभरात पार्सल येते आणि बोट पुन्हा पाण्यात असते. वेगाची हौस परवडण्यासाठी तुटण्याची भीती आधी जावी लागते.

रत्नागिरीत या ओझ्याखेरीज दुसरा शत्रू आहे तो मीठ, आणि त्याबद्दल परदेशी माहितीपत्रके फारसे बोलत नाहीत, कारण ती तळ्यावर बोट चालवणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. समुद्राच्या पाण्यातून वीज गोड्या पाण्याच्या कितीतरी पट सहज वाहते, म्हणून पट्टीवर पडलेला एक खारा थेंब जे करतो ते नळाचे पाणी करत नाही. पण खरे नुकसान पाण्यात होतच नाही. बोट पाण्यात पंधरावीस मिनिटे असते. घरी आणल्यावर अॅल्युमिनियमची पट्टी, पितळी पंखा आणि स्टीलचा शाफ्ट यांच्या सांध्यात मिठाचा पातळ थर राहतो. साधे मीठ हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाली की स्वतःच ओले होते, आणि समुद्रातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहूनही कमी आर्द्रतेत पाणी ओढते. कोकणातल्या दमट हवेत पावसाळाभर, आणि एरवीही बऱ्याच दिवसांत, फडताळातली बोट वाळतच नाही. तिच्या सांध्यांत तीन धातूंची छोटीशी बॅटरी चालू राहते आणि ती अॅल्युमिनियम खात बसते. उपाय महाग नाही. काठावरून घरी आल्यावर गार करणारी नळी गोड्या पाण्याने धुऊन काढणे, शाफ्ट ओढून पुसून नवे ग्रीस भरणे, मोटारीच्या बेअरिंगला तेलाचा थेंब, आणि झाकण उघडे ठेवून पंख्याखाली वाळवणे, हा पंखा अर्थात छताचा. स्क्रू बदलताना ३१६ जातीचे स्टेनलेस मागावे; ३०४ जातीचे चमकते तेवढेच, पण खाऱ्या हवेत त्यावर तांबूस ठिपके पडतात. हे सगळे करूनही काही ना काही गंजेलच. म्हणून खाऱ्या पाण्याच्या गावात सुटा भाग ही अपघातापुरती गरज उरत नाही, ती दर वर्षाची खरेदी होते. तळ्याकाठच्या माणसाला परवडणारी दुर्मीळ मापे इथे परवडत नाहीत, यामागे हे साधे रसायन आहे.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: आता काहीही घरपोच येते, तर गावात काय मिळते याची चिंता कशाला? बऱ्याच गोष्टी येतात हे खरे. पण बॅटरी तशी येत नाही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय मनाई आहे, त्यामुळे ती रस्त्याने, सावकाश येते, आणि काही कुरिअरवाले घेतच नाहीत. आखातात असलेल्या नातेवाइकाकडून मागवणे हा रत्नागिरीतल्या अनेक घरांचा जुना मार्ग; तिथेही सुटी बॅटरी सामानात न टाकता हातातल्या बॅगेत आणावी लागते आणि ती १०० वॉट-तासांच्या आत असावी लागते. ११.१ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ५५.५, तेव्हा बोटीची बहुतेक बॅटरी बसते. पण घरपोच मागवण्यातली खरी अडचण मापाची आहे. चित्र पाहून मागवलेला पंखा उलट्या दिशेने फिरणारा, म्हणजे डावा, निघतो, भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठे निघते, कपलर एका बाजूला ३.१८ आणि दुसऱ्या बाजूला ५ मिलिमीटरचा हवा असतो आणि येतो दोन्हीकडे सारखा. परत पाठवायला लागणारा वेळ आणि पैसा त्या भागापेक्षा जास्त. मापे एकदा ठरावीक झाली की ही चूक होत नाही, आणि घरपोच सेवेचा उपयोगही तेव्हाच होतो.

गावात जे होऊ शकते त्याला कमी लेखू नये. बंदर असलेल्या गावात लेथवाला असतोच, आणि मासेमारी नौकेचा शाफ्ट खरवडणाऱ्याला ४ मिलिमीटरच्या स्टेनलेस सळईला आटे पाडणे अवघड नाही. फार तर इतके बारीक काम त्याला हास्यास्पद वाटेल. फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांकडे मॅट आणि रेझिन असते. फक्त एक ध्यानात ठेवावे: स्वस्त बोटीचे कवच एबीएस प्लॅस्टिकचे असते आणि होडीवाल्यांचे पॉलिएस्टर रेझिन त्यावर नीट धरत नाही. तिथे इपॉक्सी वापरावे, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले अॅराल्डाइट, खाली काचेच्या कापडाची पट्टी, आणि आधी सँडपेपरने पृष्ठभाग खरखरीत करून. साधी ५५० आकाराची मोटार कॉर्डलेस ड्रिलमध्ये असते, त्यामुळे हत्यारे दुरुस्त करणाऱ्याकडे ती सापडू शकते. थ्रीडी प्रिंटरवर सर्व्होची बैठक किंवा बॅटरीचा ट्रे छान होतो. पण पीएलए हे नेहमीचे प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली बोट त्या तापमानाच्या जवळ जाऊ शकते. प्रिंट केलेला पंखा मात्र टाळावा. तो थरांच्या सांध्यावर फुटतो, आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांवर सुटलेले पाते कुणाच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही.

शेवटचा आक्षेप थोडा तुच्छतेचा असतो: खेळणेच ते, मोडले तर टाकावे नि नवे आणावे. पत्र्याची, आत दिवा लावून फटफट चालणारी बोट जत्रेत मिळायची तिच्याबद्दल हे म्हणता येत असे. तिच्यात मोडण्यासारखे काही नव्हते. लिथियम बॅटरी आणि सर्किट असलेली बोट कचऱ्यात टाकता येत नाही, आणि २०२२च्या बॅटरी-कचरा नियमांनुसार टाकूही नये. शिवाय ही फक्त हौसेची गोष्ट राहिलेली नाही. रत्नागिरीत एनसीसीचे २ महाराष्ट्र नेव्हल युनिट आहे, आणि नौदल विभागाच्या छात्रांसाठी जहाजांच्या प्रतिकृती बनवणे हा शिक्षणाचा भाग आहे. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरातल्या स्पर्धेत स्थिर प्रतिकृतींबरोबर मोटारीवर चालणाऱ्याही असतात. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. छात्राने स्वतः बांधलेल्या बोटीत आणि विकत आणलेल्या बोटीत एकच पंखा, एकच कपलर बसत असेल तर एकाची मोडलेली बोट दुसऱ्याचे सुट्या भागांचे कोठार ठरते. चार-सहा जणांनी मिळून ४ मिलिमीटर शाफ्ट, २५ मिलिमीटरची मोटारबैठक आणि बॅटरीसाठी एक्सटी६० कनेक्टर एवढ्या तीन गोष्टी ठरवल्या तरी गावातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला बरणीभर कपलर आणि डझनभर पंखे ठेवावेसे वाटतील. आज तो ठेवत नाही, कारण दर गिऱ्हाईक वेगळे माप मागते.

अशा बोटींना सोडायची जागाही विचारपूर्वक निवडावी लागते, आणि तिथेही सुटा भाग डोके वर काढतो. काजळी नदीच्या मुखाशी, भाट्याच्या खाडीत ओहोटीचा ओढा इतका असतो की बंद पडलेली बोट पाहता पाहता समुद्राकडे निघते. बोटीच्या मागे पोहत जाणे हा जिवावर बेतणारा वेडेपणा आहे. भरती-ओहोटीच्या मधला थांबलेल्या पाण्याचा वेळ धरावा, पोहणाऱ्यांपासून लांब राहावे आणि गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून जवळ ठेवावा, म्हणजे बोटीच्या पलीकडे फेकून ती ओढून आणता येते. बोट बंद पडते ती बहुधा पंख्याला गुंडाळलेल्या नायलॉनच्या जाळ्याच्या तुकड्याने, आणि त्या एका धाग्याने कपलरचा स्क्रू सैल होतो नाही तर शाफ्ट वाकतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा नौका वर ओढून त्यांची डागडुजी चालते. छोट्या बोटींनाही तोच काळ योग्य. बॅटरी काढून दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी, कारण पूर्ण भरलेली लिथियम पॉलिमर बॅटरी महिनोन्महिने तशीच पडली की फुगते. शाफ्ट बाहेर, ग्रीस पुसलेले, नळी मोकळी. आणि ऑगस्टमध्ये लागणाऱ्या भागांची यादी जूनमध्येच करून पाठवावी, मापांसकट: भोक, व्यास, उजवा की डावा.